अरेका पामची लावणी

किकवीतलं आमचं घर बांधून झालं तेव्हा फाटकाच्या आत, कंपाउंडच्या भिंतीलगत मातीची एक पट्टी उरली. आमच्या ह्यांचं म्हणणं, तिथं फरशी घालू, मोटरसायकल धुवायला बरी. मी म्हटलं, "घाला फरशी. मग मी त्या फरशीवरच बसून राहीन, स्वयंपाकाला उठायची नाही." लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याला बायकोची खरी धमकी आणि खोटी धमकी यांतला फरक कळतो. ही खरी आहे हे त्यांनी ओळखलं आणि पट्टी मला मिळाली.

मला तिथं पाम लावायचा होता. का, ते सांगायला थोडी लाज वाटते, पण सांगते. माझं ब्लाउज शिवायचं दुकान हायवेच्या कडेला आहे. मापं द्यायला येणाऱ्या बायका मोबाईलमध्ये लग्नाचे फोटो दाखवतात, पाठ कशी हवी ते मला कळावं म्हणून. मी पाठ बघायची, आणि पाठीमागं उभा असलेला पाम बघायची. कार्यालयाचं दार असो, हॉटेलचं असो नाहीतर बंगल्याचं, जिथं म्हणून कुणी ऐटीत उभं असेल तिथं तो असायचाच, पिवळसर दांड्यांचा, चहूबाजूंनी झुकलेला. त्याला खायचं फळ नाही, पूजेचं फूल नाही, शेळीसुद्धा त्याच्याकडं ढुंकून बघत नाही. आमच्या घरात माणसापासून मांजरापर्यंत प्रत्येकाला काही ना काही काम आहे. एक तरी जण नुसता शोभेला असावा, असं मला फार वाटायचं.

उन्हाळ्यात एका दुपारी कामथडीजवळच्या नर्सरीतून मी तो आणलाच. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत कमरेएवढा, भरगच्च. नर्सरीवाल्यानं अरेका पाम असं नाव सांगितलं. स्कुटीवर दोन पायांच्या मध्ये पिशवी ठेवली तर पानं थेट तोंडावर यायला लागली. मी पानांच्या फटीतून रस्ता बघत सर्व्हिस रोडनं घरी आले आणि मागून येणारे टेम्पोवाले हॉर्न वाजवून माझं कौतुक करत होते, की शिव्या देत होते, कोण जाणे. पाऊस लागला की जमिनीत लावायचा, असं ठरवून मी तो पिशवीसकट भिंतीच्या सावलीला ठेवला. दुकानातून आले की पाणी घालायची आणि जरा लांब उभी राहून बघायची. फार सुखाचे दिवस होते ते.

त्याच उन्हाळ्यात माझ्या सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यांना मी आत्या म्हणते. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी आमचं मूळ गाव. मामा, म्हणजे माझे सासरे, गेल्यापासून त्या तिथं एकट्याच राहायच्या. शेजारच्या घरात त्यांची जाऊ, पुढं भाताची खाचरं, मागं डोंगर. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सांगितलं, चिखलात उतरायचं नाही, चढउतार करायची नाही. आम्ही त्यांना किकवीला आणलं आणि गावच्या घराला कुलूप लावलं.

आल्या दिवसापासून त्यांचं एकच चालू. "गुडगा बरा झाला की मला माघारी सोडा. दारात कुणी न्हाई माझ्या. येणारं-जाणारं कुलूप बघून जातंय."

ह्यांनी त्यांना बरंच समजावलं. शेवटी कंटाळून म्हणाले, "आई, दिवाळी होऊ दे. दिवाळीनंतर बी तुला जावंसंच वाटलं तर मी सोतानी नेऊन सोडतो." आत्यांनी ते वाक्य पदराला गाठ मारावी तसं धरून ठेवलं. भाजीवाली आली तरी तिला सांगायच्या, दिवाळीपातूर हाय मी हितं.

मला मात्र त्या हव्या होत्या. हे शिरवळला कंपनीत, पाळी कधी सकाळची कधी रात्रीची. मुलगी पुण्यात नोकरीला. दुकान बंद करून घरी यावं तर कुलूप मीच उघडायचं आणि दिवा मीच लावायचा. आता मी फाटकात आले की आतून आवाज यायचा, "आलीस? च्या टाक." चहा मलाच टाकायचा असायचा, पण तो आवाज ऐकून थकवा निम्मा उतरायचा. संध्याकाळी मी ब्लाउज त्यांच्या मांडीवर टाकायची आणि त्या चष्मा लावून हुक लावून द्यायच्या. हात फार सुबक. पण त्यात त्यांचं मन नव्हतं. "ह्ये काय काम हाय व्हय? बसल्या जागी करायचं," असं म्हणून सुई ठेवून द्यायच्या आणि डोंगराच्या दिशेला बघत बसायच्या. किकवीतून त्यांचा डोंगर दिसत नाही, पण दिशा त्यांना पक्की माहीत होती.

आषाढात लावणी आली. आमच्याकडं भावकीतले सगळे एकमेकांच्या खाचरात फिरून भात लावतात, त्यामुळे घरटी माणूस लागतोच. ह्यांनी रजा काढली, मी दुकान बंद ठेवलं. निघताना आत्या फाटकाशी काठी टेकून उभ्या होत्या. मुलगी होती तेव्हा आईच्या मागं, सून झाल्यावर सासूच्या शेजारी, आजवर एकही लावणी त्यांनी चुकवली नव्हती. "जावा. मी हाय हितंच, भिताडाला टेकून," एवढंच म्हणाल्या. शेजारच्या वहिनींना लक्ष ठेवायला सांगितलं, डब्यात भाकऱ्या ठेवल्या आणि आम्ही गेलो.

लावणी उरकून आम्ही परत आलो ते कंबरड्याचे तुकडे घेऊन. फाटक उघडलं आणि मी तिथंच थांबले.

माझा पाम नव्हता.

रिकामी काळी पिशवी भिंतीवर वाळत घातली होती. आणि भिंतीलगतच्या त्या पट्टीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, वीतभर अंतर सोडून, सरळ रेषेत एकेक काडी उभी होती. कमरेएवढ्या डौलदार पामच्या झाल्या होत्या नुसत्या काड्या. त्यातही प्रत्येकीचे शेंडे छाटलेले. खाली पट्टी चिखलणी केल्यासारखी लोणी झाली होती. प्लास्टिकच्या खुर्चीच्या पायांचे चार-चार खड्डे रांगेनं पुढं पुढं सरकत गेलेले दिसत होते, आणि तीच खुर्ची रांगेच्या शेवटाला होती. खुर्चीत आत्या बसल्या होत्या. कोपरापर्यंत चिखल, कपाळाला चिखल, डॉक्टरांनी दिलेल्या काठीच्या टोकाला चिखल. आणि चेहऱ्यावर असा आनंद की ऑपरेशननंतर आम्ही तो पहिल्यांदा बघत होतो.

"आलाव?" त्या म्हणाल्या. "माझी बी उरकली."

"आत्या, हे काय केलं तुम्ही?"

"लावणी."

"अहो, ते रोप नव्हतं! पाम होता तो!"

"आगं, मग? किती दाटी झालती पिशवीत. एका चुडात कुणी एवढी रोपं ठिवतं व्हय? जीव गुदमारला आसंल त्येंचा. तूच म्हनत हुतीस न्हवं, पाऊस लागला की लावायचं."

मी म्हणत होते, हे खरंच होतं. पिशवीत दाटीवाटीनं उगवलेल्या हिरव्या काड्या, पाऊस लागायची वाट बघत भिंतीशी ठेवलेल्या. जन्मभर भात लावलेल्या बाईनं त्याला दुसरं काय समजावं? तिनं पिशवी उपडी केली, मुळं बादलीत खळबळून सुटी केली, काठीनं भोकं पाडली आणि रोपं ओळीत लावली. भाताचं रोप उंच झालं की शेंडे खुडून लावतात, म्हणून शेंडेही खुडले. पण हा सगळा समजूतदारपणा मला नंतर सुचला. त्या वेळी माझी नजर खुर्चीखाली गेली आणि तिथं मला माझी कात्री दिसली. कापडाची कात्री. जिला मी घरात कुणाला कागदसुद्धा कापू देत नाही ती.

मग मी जे तोंड सोडलं ते शेजारच्या वहिनींनी गॅलरीत येऊन ऐकलं. पाम, स्कुटी, नर्सरी, कात्रीची धार, गुडघा, डॉक्टर, सगळं एका दमात. हे मोटरसायकल पुसायला लागले, वरून भुरभुर चालू असूनही. आत्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा म्हणाल्या, "कातर बोथट हाय तुजी. धार लावून घे."

रात्री त्या जेवल्या नाहीत, मीही जेवले नाही. ह्यांनी दोघींच्या वाट्याची आमटी संपवली.

सकाळी मी चहा घेऊन गेले तर आत्या आधीच खुर्ची टाकून त्या काड्यांसमोर बसलेल्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "गावाकडं लावणी झाल्यावं गोडाचं जेवान केलंत का न्हाई?"

"केलं."

"काय?"

"शेवयाची खीर. भजी."

"मग हितल्या लावणीचं?"

आमच्याकडं लावणी उरकली की राबलेल्या बायकांना गोडाचं जेवण घालतात. राबलेली बाई चहाची बशी हातात धरून माझ्याकडं बघत होती आणि तिचा हक्क मागत होती. मला हसू यायला नको होतं, पण आलं. एकदा आलं ते थांबेचना. त्याही हसायला लागल्या आणि बशीतला चहा लुगड्यावर सांडला. त्या दिवशी दुकान उशिरा उघडलं. आधी पुरण घातलं, पोळ्या केल्या आणि एकुलत्या एका मजुरणीला पाटावर नाही, खुर्चीवर बसवून वाढल्या. तिनं पोटभर खाल्ल्या आणि पुरणात वेलदोडा कमी आहे असं सांगितलं.

पण पामचं काय? मी नर्सरीत जाऊन विचारलं. नर्सरीवाला आधी पोट धरून हसला. मग म्हणाला, गिऱ्हाइकाला भरगच्च दिसावं म्हणून आम्हीच एका पिशवीत पुष्कळ रोपं लावतो, पण ती सुटी करताना मुळं तुटतात, जगली तर जगली. ऊन लागू देऊ नका, आणि मधला सुरळीसारखा कोंब हिरवा आहे तोवर आशा सोडू नका. हे मी घरी येऊन आत्यांना सांगितलं. त्यानंतर आमच्या घरात सकाळची पहिली गोष्ट म्हणजे कोंब बघणं. आत्या काठी टेकत रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायच्या आणि प्रत्येकीसमोर थांबून बघायच्या. डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं त्या इतके दिवस टाळत होत्या. आता ते आपोआप व्हायला लागलं.

पावसानं उघडीप दिली आणि ऊन तापायला लागलं तेव्हा खालची पानं करपली. मी दुकानात अस्तराच्या कापडाचे उरलेले तुकडे पोत्यात भरून ठेवते. ते पोतं घरी आणलं आणि तुकड्याला तुकडा जोडून एक लांबच लांब छत शिवलं. गुलाबी, मोरपंखी, हळदी, जांभळं, सगळे रंग त्यात होते. आत्यांनी त्याला नाड्या लावल्या. ते काम मात्र त्यांनी डोंगराकडं न बघता केलं. भिंतीपासून बांबूपर्यंत छत ताणल्यावर दार असं सजलेलं दिसायला लागलं की रस्त्यानं जाणाऱ्या ओळखीच्या बायका थांबून विचारायच्या, "कोणाचं लगीन हाय गं?" आत्या खुर्चीतूनच सांगायच्या, "लगीन न्हाई, बाळंतीन हाय."

एका सकाळी मी मशिनीवर होते आणि त्यांचा फोन आला. मोबाईल त्यांना कानाला लावता येतो, पण आवाज त्या पलीकडच्या गावाला जावा इतका मोठा काढतात. दुकानातल्या सगळ्यांनी ऐकलं. "आगं ये लवकर! पान फुटलं!" मी एका बाईच्या दंडाचं माप घेत होते. टेप तिच्या दंडावरच सोडून स्कुटी काढली. रांगेतल्या मधल्या काडीच्या सुरळीतून कोवळं, फिकट पोपटी पान उलगडलं होतं, कंगव्याच्या दातांसारखं. आम्ही दोघी त्याच्यासमोर उभ्या राहिलो. आत्यांनी माझा हात धरला होता आणि त्या तो दाबत होत्या. मला रडू आलं. आनंदानं रडणं म्हणजे काय ते मला तोवर नुसतं ऐकून माहीत होतं.

मग एकामागून एक फुटतच गेली. दोन-तीन काड्या वाळल्या, त्या आत्यांनी उपटून टाकल्या, शेतात टाकतात तशाच, वाईट न वाटू देता. मोकळ्या जागेत झेंडूची रोपं टोचली. दसऱ्याला आमच्या भिंतीशी हिरव्या पानांच्या पायाशी केशरी झेंडू फुलला होता, आणि फोटो काढायला दुकानातल्या बायका मापं द्यायच्या निमित्तानं घरापर्यंत येत होत्या. हे सुद्धा मोटरसायकल आता फाटकाबाहेर धुवायला लागले, साबणाचं पाणी मुळाशी जाऊ नये म्हणून.

दिवाळी जवळ आली तसं माझं मन थाऱ्यावर राहीना. आत्या काठीशिवाय चालायला लागल्या होत्या. गुडघा बरा झाला याचा आनंद आणि गुडघा बरा झाला याचीच धास्ती, दोन्ही एकाच वेळी. त्या जायचं नाव काढत नव्हत्या, पण राहायचंही काढत नव्हत्या. विचारायची माझी हिंमत नव्हती. एरवी मी कुणालाही काहीही विचारते.

भाऊबीज झाल्यावर ह्यांनीच विचारलं, "आई, मग? म्या सबूद दिलता तुला."

"व्हय. रईवारी सोड मला," आत्या म्हणाल्या.

मी उठून आत गेले आणि उगाच भांडी घासायला घेतली, घासलेलीच.

रविवारी सकाळी बघते तर आत्या रांगेसमोर बसून खुरप्यानं दोन पाम मुळाच्या मातीसकट अलगद उचलत होत्या. चांगले, गुडघ्याएवढे वाढलेले. तेलाच्या रिकाम्या डब्यांत ते बसवले आणि ह्यांनी मित्राकडून आणलेल्या चारचाकीत आपल्या पायाशी ठेवले. पाम नेतायत म्हणजे कायमच्याच निघाल्या, एवढं मला कळलं. नसरापूरवरून आम्ही वेल्ह्याच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना भात पिवळं झालेलं, वास आत येत होता. त्या मागच्या सीटवर डब्यांना दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या आणि खड्डा आला की मुलाला ओरडत होत्या. मी खिडकीबाहेर बघत होते आणि माझ्या डोळ्यांना पाणी येतंय हे वाऱ्यावर ढकलत होते.

गावात पोचलो. आत्यांनी कुलूप काढलं, घर झाडलं, देवाला दिवा लावला. मग दाराच्या दोन्ही अंगांना मुलाकडून खड्डे काढून घेतले आणि एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक, असे पाम स्वतःच्या हातानं लावले. माती पायानं दाबली. नव्या गुडघ्यानं ते छान जमलं. शेजारून त्यांची जाऊ आली, मला ती चुलत सासूच. कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"ह्ये काय गं? नारळ?"

"न्हाई. ह्येला काय बी लागत न्हाई."

"मग कशापायी लावलं?"

"नुसतं उबं ऱ्हायाला." आत्या हात झटकत म्हणाल्या. "तुझं भांड्याचं पानी रोज ह्येंच्या बुडात वतायचं. उनाचं फडकं बांदायचं. आन कुनी इच्यारलं, कुटं गेली ह्या घरातली, तर सांगायचं, दारात दोगं हायती की तिची."

मी अजून पिशवी हातात घेऊन अंगणात उभी होते. पिशवीत त्यांची लुगडी होती, गोळ्या होत्या, चष्मा होता. कुठं ठेवू असं विचारायला मी तोंड उघडलं, तोवर आत्यांनी दार ओढून घेतलं, कुलूप लावलं, किल्ली जावेच्या हातात दिली आणि सरळ जाऊन गाडीत बसल्या. मागं नाही, पुढं, मुलाच्या शेजारी.

"आत्या?" मी म्हटलं.

त्यांनी काचेतून मान बाहेर काढली. "बस की मागं. का हितंच ऱ्हातीस?"